वाघ ज्या यादीत, त्याच यादीत प्रवाळ! मग चंद्रपूर-गडचिरोलीत घरच्या रीफ टँकला दिवा लावायचा तरी कोणता?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत 'शेड्युल वन' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाघ, बिबट, खवल्या मांजर यांची नावं निघाली की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि त्याची पहिली अनुसूची आपसूक डोळ्यांसमोर येते. पण याच पहिल्या अनुसूचीत समुद्राच्या तळाशी एका जागी चिकटून बसलेला, हालचालही न करणारा एक प्राणी आहे, हे जंगलाच्या जिल्ह्यांत फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या प्राण्याचं नाव प्रवाळ.

हे आत्ता का सांगायचं? तर रिल्स उघडली की निळ्या उजेडात चमकणारे, फ्लोरोसंट हिरवे-गुलाबी प्रवाळ आणि त्यांच्यामधून फिरणारा केशरी क्लाउनफिश सगळीकडे दिसतो. घरात असा खाऱ्या पाण्याचा टँक करायचा, याला म्हणतात रीफ टँक. समुद्रापासून चारशे किलोमीटरहून लांब असलेल्या गावातही आता मिठाच्या पुड्या, पंप आणि निळे दिवे ऑनलाइन मागवता येतात. आणि इथेच पहिली चूक होते. दिसतो तो निळा उजेड भारी, म्हणून सगळ्यात जास्त वॉटचा दिवा मागवला जातो, पूर्ण ताकदीने लावला जातो आणि आठवड्याभरात टँकमधले जीव पांढरे पडायला लागतात.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका दुप्पट. म्हणून दिवा कोणता घ्यायचा, तो किती मंद ठेवायचा आणि त्याआधी कायदा काय म्हणतो, हे एकेक करून पाहू.

आधी हे कळू द्या, प्रवाळाला उजेड लागतो कशाला?

प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नाही. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतात, त्यांना झूझँथेली म्हणतात. हे शैवाल उजेडात प्रकाशसंश्लेषण करून साखर तयार करतात आणि तिचा मोठा हिस्सा प्रवाळाला देतात. बदल्यात प्रवाळ त्यांना राहायला जागा आणि आपल्या शरीरातली टाकाऊ द्रव्यं खत म्हणून देतो. म्हणजे प्रवाळाच्या घरात शेतीही आहे आणि शेतकरीही. उजेड हा त्या शेतीचा पाऊस.

पाऊस कमी पडला तर पीक उपाशी, जास्त पडला तर पीक कुजतं. उजेडाचंही तसंच. गरजेपेक्षा जास्त उजेड मिळाला की शैवालांची यंत्रणा ओव्हरलोड होते आणि पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. मग प्रवाळ या भाडेकरूंना बाहेर काढून टाकतो. शैवाल गेले की रंग गेला, उरतो पांढरा सांगाडा आणि त्यावरची पारदर्शक कातडी. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की ब्लीचिंग फक्त उजेडाने होत नाही. पाणी तापलं की तेवढाच उजेड शैवालांना जड जायला लागतो. उष्णता आणि उजेड मिळून मारतात. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जगातलं चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर केलं, त्या काळात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. ऑस्ट्रेलियात तर ग्रेट बॅरियर रीफवर २०२० मध्ये समुद्राच्या पाण्याचे बारीक तुषार हवेत सोडून ढग अधिक उजळ करण्याचा पहिला प्रयोग झाला. हेतू साधा होता. पाणी थंड करणं हाताबाहेर असेल तर निदान ऊन तरी कमी करावं.

समुद्रावर ऊन कमी करायला ढग लागतात. घरात त्यासाठी डिमर पुरतो.

कायदा काय म्हणतो?

दिवा निवडायच्या आधी दिव्याखाली काय ठेवणार हे ठरवावं लागतं. कारण उजेडाची गरज त्यावर अवलंबून आहे, आणि काय ठेवता येईल हे कायद्यावर.

२००१ मध्ये केंद्र सरकारने रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन हे पहिल्या अनुसूचीत घातले. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूचींची संख्या कमी झाली, पण प्रवाळांचं संरक्षण कायम राहिलं. इथे बहुतेक ठिकाणी एकेका जातीचं नाव नाही, पूर्ण गटच घेतलाय. त्यामुळे 'हा तुकडा इंडोनेशियाचा आहे, भारतातला नाही' असं विक्रेत्याने सांगितलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. कठीण प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, म्हणजे देशाबाहेरून आणायलाही परवाने लागतात.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन ते कमाल सात वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. वाघाला जे कलम, तेच प्रवाळाला.

यात आणखी तीन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली, 'लाइव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगड बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचाच सांगाडा असतो. दुसरी, सगळे समुद्री घोडे, सगळ्या समुद्री काकड्या आणि राक्षसी शिंपल्यांच्या काही जाती याही संरक्षित आहेत. आणि तिसरी, घरात लक्ष्मी नांदावी म्हणून फ्रेम करून टांगलं जाणारं 'इंद्रजाल' ही कोणतीही वनस्पती नाही. ते काळं प्रवाळ किंवा सी फॅन असतं, म्हणजे तेही पहिल्या अनुसूचीतच येतं.

मग टँकमध्ये ठेवायचं काय? लेदर कोरल, झोअँथिड, मशरूम यांसारखे मऊ जीव रीफ बांधणाऱ्या कठीण प्रवाळांच्या गटात मोडत नाहीत. तरी ते कुठून आले, आयात कायदेशीर आहे का, याची कागदपत्रं आणि पक्कं बिल मागायलाच हवं. शंका असेल तर विकत घ्यायच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारावं. चंद्रपूर-गडचिरोलीत ते कार्यालय शोधावं लागत नाही.

माशांचं म्हणाल तर क्लाउनफिश आता हॅचरीत पैदा होतो. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा हॅचरीतला मासा टँकमध्ये सहज रुळतो, तयार खाद्यही खातो. दगडासाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे साचे मिळतात. सिमेंटचा दगड वापरायचा तर तो कित्येक आठवडे पाण्यात मुरवून, पाणी बदलत राहून त्याचा क्षार उतरवावा लागतो. सिमेंटच्या जिल्ह्यात एवढं तर जमून जावं!

आता यातली गंमत बघा. कायद्याच्या बाजूने राहिलं की जे मऊ जीव उरतात, त्यांना उजेडही कमीच लागतो. म्हणजे कायदा पाळला की दिवा लहान लागतो, दिवा लहान म्हणजे उष्णता कमी आणि उष्णता कमी म्हणजे वीजबिलही कमी.

किती उजेड म्हणजे पुरेसा? वॉट विसरा, 'पार' बघा

दिव्याच्या खोक्यावर वॉट लिहिलेले असतात. पण वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. त्यातला किती उजेड शैवालांच्या कामाचा आहे, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी वेगळं माप आहे, त्याला 'पार' म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, म्हणजे जांभळ्यापासून लाल रंगापर्यंतचा, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतो, ते हे माप सांगतं. एकक आहे मायक्रोमोल. भर दुपारी उघड्यावर सूर्याचा पार सुमारे २,००० असतो.

टँकमध्ये सर्वसाधारणपणे पाळले जाणारे आकडे असे:

- मशरूम आणि बरेच मऊ जीव: ५० ते १००
- लेदर कोरल, झोअँथिड: ७५ ते १५०
- फांद्यांचे कठीण प्रवाळ: २०० ते ३५० किंवा जास्त

तिसरी ओळ फक्त तुलनेसाठी. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारे राक्षसी दिवे या तिसऱ्या ओळीसाठी असतात. ते व्हिडिओ बघून मशरूमवर तसा दिवा लावणं म्हणजे घरातल्या मनीप्लांटला मे महिन्यात गच्चीवर नेऊन ठेवणं.

निसर्गातही सगळ्या प्रवाळांना सारखा उजेड मिळत नाही. उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे तिथले प्रवाळ उथळ, पण गढूळ पाण्यात राहतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आला की तिथे उजेड आणखी घटतो. दुसरीकडे विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून ओळखलं जाणारं हे बुडालेलं पठार. तिथलं पाणी नितळ, पण पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल. एवढ्या खोलीवर स्वच्छ पाण्यातही पृष्ठभागावरच्या उजेडाचा एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी भाग पोचतो. म्हणजे महाराष्ट्राच्या समुद्रातले हे दोन्ही प्रवाळ आपापल्या पद्धतीने 'डिम' उजेडातच जगतायत.

मग तो उजेड निळाच का?

पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच लाल जवळजवळ संपतो, खोलवर पोचतो तो निळा. प्रवाळातले शैवाल याच निळ्या उजेडावर जगायला तयार झालेत. म्हणून रीफच्या दिव्यांमध्ये ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या एलईडींचा भरणा असतो. प्रवाळातली रंगद्रव्यं निळा उजेड शोषून हिरवा, केशरी उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे ती चमक दिसते.

दिव्यावर केल्विनचा आकडाही असतो. ६,५०० केल्विन म्हणजे दिवसासारखा पांढरा. १०,००० म्हणजे थंड पांढरा. १४,००० ते २०,००० म्हणजे निळसर. मऊ जीवांसाठी निळा जास्त आणि पांढरा थोडा, हे मिश्रण चालतं. लाल आणि हिरव्या रंगाचे चॅनल अगदी कमी ठेवावेत, नाहीतर काचेवर आणि दगडावर नको असलेलं शेवाळ माजतं.

इथे एक सापळा आहे. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप वापरून अनेक जण उजेड ठरवतात. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपल्या डोळ्याला निळा उजेड मंद वाटतो. सूर्यप्रकाशात लक्सला ५४ ने भागलं की साधारण पार मिळतो. निळ्या एलईडीखाली हे गणित कोलमडतं, आकडा खऱ्यापेक्षा खूपच कमी येतो. मग वाटतं उजेड कमी पडतोय, आणि दिवा वाढवला जातो. खरा पार मीटर महाग असतो. तो चार-पाच जणांत मिळून घेणं किंवा दुकानदाराकडून एका दिवसासाठी मागून आणणं, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

दिवे तीन, पण चंद्रपूरला परवडणारा एकच

*मेटल हॅलाइड.* जुन्या काळचा राजा. १५०, २५० आणि ४०० वॉटमध्ये यायचा. उजेड जबरदस्त, पाण्यावर सूर्यासारखी लखलख. पण प्रचंड तापतो, चोक वेगळा लागतो आणि साधारण वर्षभरात बल्ब बदलावा लागतो. नीट डिम होत नाही, व्होल्टेज कमी केलं की रंगच बदलतो.

*टी-फाइव्ह ट्यूब.* २४, ३९, ५४ वॉटच्या बारीक ट्यूब. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत. पण डिम करायला खास चोक हवा आणि ट्यूबही नऊ ते बारा महिन्यांत बदलायच्या.

*एलईडी.* वीज कमी, आयुष्य जास्त, रंगांचे चॅनल वेगवेगळे आणि प्रत्येक चॅनल शून्य ते शंभर टक्के डिम करता येतो. तोटा एवढाच की उजेड एका जागी एकवटतो, मधोमध कडक ऊन आणि कोपऱ्यात सावली.

हिशोब करून बघू. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच असा टँक घ्या. दगड-वाळू वगळून त्यात साधारण ११० लिटर पाणी मावेल. मऊ जीवांसाठी ६० ते १०० वॉटचा डिम होणारा चांगला रीफ एलईडी अशा टँकला पुरतो. समजा ८० वॉटचा घेतला आणि ६० टक्क्यांवर चालवला, तर तो सुमारे ४८ वॉट खातो. रोज नऊ तास म्हणजे महिन्याला साधारण १३ युनिट. त्याच टँकवर २५० वॉटचा मेटल हॅलाइड लावला, तर चोक धरून सुमारे २८० वॉट, म्हणजे महिन्याला ७५ युनिट.

आणि बिल हा लहान प्रश्न. मोठा प्रश्न उष्णतेचा. दिव्याने खाल्लेली वीज शेवटी खोलीत किंवा पाण्यात उष्णता होऊनच उतरते. समजा त्यातली एक तृतीयांश उष्णता पाण्यात गेली आणि बाहेर पडायला वाटच मिळाली नाही, तर नऊ तासांत एलईडी हे पाणी साधारण एक अंशाने तापवेल. मेटल हॅलाइड साडेसहा अंशांनी. प्रत्यक्षात काही उष्णता निघून जाते, पण दोघांमधलं प्रमाण साधारण तेवढंच राहतं.

प्रवाळ टँकचं पाणी २४ ते २७ अंशांदरम्यान ठेवायचं असतं. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो, ४७-४८ च्या नोंदीही झाल्यात. तिथे साडेसहा अंश कुठून आणायचे?

माठाचं विज्ञान टँकला लावा

यावर विदर्भाकडे जुनंच उत्तर आहे, माठ आणि कूलर. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. वर सांगितलेल्या ११० लिटरच्या टँकमधून एक लिटर पाण्याची वाफ झाली, तर तेवढ्याने सगळं पाणी पाच अंशांनी थंड होऊ शकतं. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे छोटे पंखे लावतात.

मे महिन्यात तापमान ४५ आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. म्हणजे नवतपातही पंखा कामाचा. पण जुलैत तापमान ३२ आणि आर्द्रता ८५ टक्के झाली की हीच मर्यादा ३० अंशांपर्यंत चढते. ज्या दिवसांत कूलर चिकचिक करतो, त्या दिवसांत टँकचा पंखाही हात टेकतो. म्हणजे रीफ टँकसाठी चंद्रपूरचा अवघड महिना मेइतकाच जुलैही आहे. तेव्हा चिलर किंवा एसी लागतो, आणि दिवा कमी करावा लागतो.

पंख्याचा एक दुष्परिणाम लक्षात ठेवा. वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. ११० लिटरमधून तीन लिटर उडाले तर क्षारता हजारी ३५ वरून ३६ वर जाते. म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी घालायचं, आणि तेही आरओचं. चुनखडीच्या पट्ट्यातलं बोअरवेलचं जड पाणी नाही. मीठ घातलेलं पाणी तर अजिबात नाही.

डिम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते. पंख्याचा रेग्युलेटर किंवा घरातल्या बल्बचा डिमर रीफ एलईडीच्या वायरमध्ये जोडायचा नाही. एलईडीचा ड्रायव्हर त्यासाठी बनलेला नसतो. दिवा लुकलुकतो, ड्रायव्हर तापतो आणि जळतो.

एलईडी मंद करायच्या दोन रीती आहेत. एकीत करंटच कमी करतात. दुसरीत दिवा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतात, डोळ्याला तो मंद वाटतो. हिला पीडब्ल्यूएम म्हणतात. दोन्ही चालतात. घेताना एवढंच बघायचं की दिव्याला स्वतःचा कंट्रोलर आहे का, निळा आणि पांढरा चॅनल वेगळे आहेत का आणि वीज जाऊन आली की सेटिंग लक्षात राहतं का. आपल्याकडे हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नाहीतर गडचिरोलीत वादळाने वीज गेली आणि परत आली की दिवा थेट शंभर टक्क्यांवर सुरू!

डिमर नसलेला दिवा असेल तर तीन साधे उपाय आहेत. दिवा वर उचला. दिव्याखाली बारीक जाळी धरा. किंवा तास कमी करा.

जाळीवरून आठवण, वन विभागाच्या रोपवाटिका बघितल्या असतील. रोपं हिरव्या शेडनेटखाली वाढवतात आणि लावणीआधी हळूहळू उन्हाला सरावतात. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं करपतात. प्रवाळ जीवांचंही हेच. दुकानातल्या मंद टँकमधून आलेल्या जीवाला नवीन उजेड असा द्यायचा:

- पहिला आठवडा: ठरवलेल्या ताकदीच्या निम्माच उजेड. जीव तळाला ठेवायचा.
- त्यानंतर दर आठवड्याला पाच ते दहा टक्के वाढ.
- चार ते सहा आठवड्यांत ठरलेल्या पातळीवर.
- रंग उडतोय किंवा जीव आक्रसतोय असं दिसलं तर एक पायरी मागे आणि आठवडाभर थांबा.

रोजचं वेळापत्रकही ठेवायचं. सुरुवातीला एक तास हळूहळू उजाडेल, मग सहा-सात तास पूर्ण, शेवटी एक तास मावळेल. एकूण आठ ते नऊ तास. त्याहून जास्त उजेडाने जीव लवकर वाढत नाहीत, फक्त शेवाळ वाढतं.

कमी झाला की जास्त, ओळखायचं कसं?

उजेड जास्त झाला तर जीव फिका पडतो, आक्रसतो, दिवसा उघडत नाही. उजेड कमी पडला तर तो तपकिरी होतो किंवा मान उंच करून दिव्याकडे ताणतो.

यात एक फरक आहे आणि सगळा निर्णय त्यावर उभा आहे. जास्त उजेडाचं नुकसान काही दिवसांत होतं आणि अनेकदा भरून निघत नाही. कमी उजेडाचं नुकसान दिसायला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर सुधारायला वेळ असतो. म्हणून शंका आली की दिवा कमीच ठेवावा.

उष्णतेची लाट आली, वीज गेली, मग?

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, उन्हाळ्यात वीज जायची ती जातेच. अशा वेळी काय करायचं ते आधी ठरवून ठेवलेलं बरं.

दिव्याची वेळ बदला. दुपारी दोन ते पाच घर सगळ्यात तापलेलं असतं, तेव्हा दिवा बंद असू द्या. संध्याकाळी पाच ते रात्री एक अशी वेळ चालते. टँकमधल्या जीवाला बाहेरचा सूर्य दिसत नाही, त्याला फक्त नेम लागतो. वेळ मात्र रोज अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकवा.

पाणी २८ च्या वर गेलं की दिवा ३० ते ५० टक्क्यांनी उतरवा. उष्णता आणि उजेड मिळून मारतात, हे सुरुवातीला पाहिलं. त्यातला एक हात आपल्या ताब्यात आहे.

इन्व्हर्टरवर आधी पंप आणि हवेचा दगड, मग पंखा, दिवा सगळ्यात शेवटी. दोन दिवस अंधार झाला तर मऊ जीव मरत नाहीत. समुद्रावरही पावसाळी ढग दिवसेंदिवस असतात. पण पाणी फिरायचं थांबलं तर तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन काही तासांत संपतो.

आणि शेवटची गोष्ट माणसाच्या जिवाची. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. टँकच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, अर्थिंग तपासलेलं हवं आणि प्रत्येक वायर प्लगच्या खालून वळसा घेऊन वर गेलेली हवी, म्हणजे थेंब ओघळला तरी प्लगमध्ये जाणार नाही.

थोडक्यात

आधी जीव ठरवा, मग उजेड, मग दिवा. दिव्याची किंमत सगळ्यात शेवटी बघा. कठीण प्रवाळ, समुद्री घोडे, लाइव्ह रॉक यांच्या वाटेला जाऊ नका. मऊ जीवांना ५० ते १५० पार पुरतो आणि तो मध्यम एलईडी अर्ध्या-पाऊण ताकदीवर आरामात देतो. उन्हाळ्यात आणि दमट पावसाळ्यात दिवा आणखी खाली आणा.

पैनगंगा खोऱ्यात सिमेंटसाठी खणला जाणारा चुनखडक कधीकाळी इथे असलेल्या उथळ समुद्रात तयार झाला. तो समुद्र जाऊन कोट्यवधी वर्षं झाली. आता त्याचा शंभर लिटरचा तुकडा घरात आणायचा असेल, तर त्याला चंद्रपूरचं ऊन नको, ताडोबाची सावली हवी.